शेवटच्या तीन टक्क्यांची किंमत

१९६८ साली कॅलिफोर्नियातल्या हॉबी ऑल्टर या सर्फबोर्ड बनवणाऱ्या कारागिराने चौदा फुटी कॅटामरान बाजारात आणली आणि तिची किंमत हजार डॉलरच्या आत ठेवली. तिला बंदर लागत नव्हतं, धक्का लागत नव्हता. वाळूवरून ओढत न्यायची, फुटणाऱ्या लाटांतून बाहेर काढायची आणि संध्याकाळी पुन्हा वाळूवर चढवून ठेवायची. पाठोपाठ तिची मोठी बहीण हॉबी १६ आली. या एका नमुन्याच्या एक लाखाहून अधिक होड्या आजवर बनल्या आहेत.

याच सुमारास, १९६७ साली, इंग्लंडच्या एसेक्स किनाऱ्यावरच्या ब्राइटलिंगसी गावात रॉडनी मार्च यांनी टॉर्नेडोचा आराखडा काढला. शिडाच्या शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला दोन माणसांच्या कॅटामरानचा एक नमुना निवडायचा होता. चाचणी शर्यतींत टॉर्नेडोने प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकलं आणि १९७६ ते २००८ या काळात ती ऑलिंपिकमध्ये राहिली. हॉबी बनली ती पुष्कळांना परवडावी म्हणून. टॉर्नेडो बनली ती तिच्यापुढे कुणी जाऊ नये म्हणून. शर्यतीच्या छोट्या कॅटामरानच्या किमतीची आणि वेगाची सगळी चर्चा आजही या दोन हेतूंमध्येच फिरते.

या दोन होड्यांत फरक किती आहे आणि तो कशामुळे पडतो, हे कळायला आधी कॅटामरान मुळात वेगवान का असते ते पाहू.

साधी शिडाची होडी पाण्यातून जाताना स्वतःच लाट उभी करते. वेग वाढतो तशी ही लाट लांब होत जाते. ती होडीच्या लांबीएवढी झाली की होडी आपल्याच लाटेत अडकते आणि पुढच्या प्रत्येक नॉटसाठी भरमसाट ताकद लागते. कॅटामरानचे दोन्ही हल, म्हणजे पाण्यात बसणारे दोन लांबट देह, इतके अरुंद असतात की त्यांची लांबी रुंदीच्या दहा पटींहून जास्त भरते. ते पाणी बाजूला फारसं ढकलतच नाहीत, त्यामुळे लाट उठते ती क्षीण. पण इतकी अरुंद होडी एकटी पाण्यावर उभीच राहणार नाही. म्हणून दोन हल दूर ठेवून मध्ये दांड्यांनी जोडायचे. आपल्या कोकणातल्या होडीला एका बाजूला उलांडी बांधतात ती याच कारणासाठी. वजन न वाढवता होडीला रुंद पाय मिळतो.

या रुंदीचा हिशेब मांडण्यासारखा आहे. हॉबी १६ चं वजन १४५ किलो आणि रुंदी २.४१ मीटर. वाऱ्याच्या जोराने एक हल पाण्यातून उचलला गेला की सगळा भार दुसऱ्या हलवर येतो. होडीचं वजन त्या हलपासून साधारण १.१ मीटर अंतरावर काम करतं. वजन गुणिले अंतर, म्हणजे सुमारे १६०. आता त्यावरची जोडी पाहा. दोघांचं मिळून वजन १४० किलो धरू. दोघं ट्रॅपीझच्या तारेला कमरेने लटकून, उचललेल्या हलच्या कडेवर पाय रोवून, शरीर पाण्यावर बाहेर टाकून उभे आहेत. त्यांचं वजन दुसऱ्या हलपासून सुमारे ३.२ मीटरवर पडतं. गुणाकार सुमारे ४५०. म्हणजे होडीला उलटू न देणाऱ्या ताकदीचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग माणसांकडून येतो आणि जेमतेम एक चतुर्थांश होडीकडून. कॅटामरान घेताना लोक हल कशाचा, डोलकाठी कशाची हे विचारतात. पण तारेवर लटकायला शिकलेली आणि एकमेकांच्या हालचाली ओळखणारी जोडी हाच तिच्यातला सर्वांत मोठा सुटा भाग आहे, आणि तो दुकानात मिळत नाही.

वेग मोजायचा कसा? कुणी सांगतं, आमच्या होडीने अमुक नॉट गाठले. त्याला फार अर्थ नाही. सपाट पाण्यावर, आडव्या वाऱ्यात, क्षणभर गाठलेला आकडा शर्यत जिंकून देत नाही. शर्यतीत वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी चढायचं असतं आणि नंतर वाऱ्याबरोबर खाली यायचं असतं. म्हणून खरं माप लागलेल्या वेळाचं. वेगवेगळ्या होड्या एकत्र धावतात तेव्हा प्रत्येकीला एक गुणांक देऊन वेळ समान पातळीवर आणतात. पोर्ट्समथ पद्धतीतले गुणांक प्रत्यक्ष शर्यतींच्या निकालांवरून काढलेले असतात. टेक्सेल पद्धत मात्र होडी मोजून आकडा देते. ती नेदरलँड्समधल्या टेक्सेल बेटाची. या बेटाला वळसा घालणारी शंभर किलोमीटरच्या आसपासची कॅटामरान शर्यत १९७८ पासून होते आहे.

अमेरिकेच्या पोर्ट्समथ यादीत हॉबी १६ चा गुणांक ७६ च्या आसपास आहे. दोघांनी हाकायच्या फॉर्म्युला १८ चा ६२ च्या जवळ, एकट्याने हाकायच्या ए-क्लासचा ६४-६५ आणि टॉर्नेडोचा ५९ च्या जवळपास. आकडा जितका कमी, तितकी होडी वेगवान. साध्या भाषेत, फॉर्म्युला १८ ने जे अंतर एका तासात कापलं ते टॉर्नेडो सुमारे ५७ मिनिटांत कापेल, ए-क्लासला ६२ मिनिटं लागतील आणि हॉबी १६ ला सुमारे ७३.

आता यांच्यापुढे किमती ठेवू. नवी हॉबी १६ अमेरिकेत पंधरा हजार डॉलरच्या आसपास पडते. नवी फॉर्म्युला १८ युरोपात साधारण पंचवीस ते तीस हजार युरोंच्या घरात. आजची कार्बन फायबरची ए-क्लास तीस हजार युरोंच्या वर. म्हणजे हॉबीवरून फॉर्म्युला १८ वर गेलं की किंमत ढोबळमानाने दुप्पट होते आणि हॉबीला जिथे तास लागतो तिथे दहा-बारा मिनिटं वाचतात. तिथून पुढे पैसे वाढत राहतात, पण वाचणारी मिनिटं एकदम आखडतात.

फॉर्म्युला १८ ही दहा-बारा मिनिटं वाचवते कुठे, ही यातली मला सर्वांत रंजक वाटणारी गोष्ट आहे. पहिला अंदाज असा की ती हलकी असेल. तसं अजिबात नाही. तिचं किमान वजन १८० किलो आहे, हॉबीपेक्षा ३५ किलोंनी जास्त. माणसांसकट एकूण वजन धरलं तर हॉबी १६ ला प्रत्येक किलोमागे जितकं शीड मिळतं, त्यापेक्षा वाऱ्यावर चढताना फॉर्म्युला १८ ला थोडं कमीच मिळतं. हॉबीचं शीड सुमारे २०.३ चौरस मीटर आणि माणसांसह वजन २८५ किलो. फॉर्म्युला १८ चं मोठं शीड आणि जिब, म्हणजे पुढचं छोटं शीड, मिळून २१ चौरस मीटर, पण वजन ३३० किलो. तरी ती पुढे जाते. एक कारण तिची ५.५२ मीटर लांबी. दुसरं, दोन्ही हलमधून पाण्यात खोल उतरणारे डॅगरबोर्ड. हॉबीला ते नाहीत. तिच्या हलची बाहेरची बाजू सपाट आणि आतली फुगीर ठेवून आडवं घसरणं रोखण्याची सोय केली आहे. वाळूवर चढवायच्या होडीसाठी ही फार हुशार युक्ती होती, पण खोल पात्याच्या तोडीची ती नाही. हॉबी वाऱ्याच्या तोंडाशी तितकी जवळ जाऊ शकत नाही. वळतानाही ती अडते आणि जिब उलट्या बाजूला धरून तिची नाळ वाऱ्यातून पलीकडे ढकलावी लागते. तिसरं कारण परतीच्या वाटेवरचं. फॉर्म्युला १८ वाऱ्याबरोबर येताना १९ किंवा २१ चौरस मीटरचा स्पिनेकर, म्हणजे पुढे फुगणारं मोठं शीड, उघडते आणि तिचं शीड जवळजवळ दुप्पट होतं. यातल्या एकाही गोष्टीसाठी महागडं साहित्य लागत नाही. पातं, कापड आणि लांबी, एवढंच. इथे खर्चलेला पैसा वेगाच्या रूपाने परत मिळतो.

मग कार्बनचं काय? टेक्सेलचं सूत्र यासाठी उपयोगी पडतं. त्यात शिडाच्या क्षेत्रफळाचा प्रभाव सुमारे ०.४ या घातांकाने येतो, लांबीचा आणि वजनाचा ०.३ च्या आसपास. अर्थ असा की शीड दहा टक्के वाढवलं तर वेग जेमतेम चार टक्के वाढतो आणि एकूण वजन दहा टक्के घटवलं तर सुमारे तीन. समजा १८० किलोंची होडी कार्बन वापरून १५० किलोंची केली. दीडशे किलोंची जोडी त्यावर बसली की एकूण वजन ३३० वरून ३०० वर येतं, म्हणजे घट नऊ टक्क्यांची. फायदा तीन टक्क्यांचा, तासाला पावणेदोन मिनिटांचा. काचतंतूच्या जागी कार्बन आणण्याचा खर्च मात्र तीन टक्क्यांवर थांबत नाही. साहित्य महाग, साचे वेगळे, निर्वात दाबाखाली आणि उष्णतेत पक्कं करण्याची प्रक्रिया वेगळी, आणि धक्का बसून तडा गेला की दुरुस्तीही वेगळी.

एकट्याने समुद्रावर जाणाऱ्याला तीन टक्के जाणवणारही नाहीत. शर्यतीत मात्र पावणेदोन मिनिटं म्हणजे दहा-पंधरा होड्यांचं अंतर असू शकतं. त्यामुळे नियमाने परवानगी असेल तर जिंकू पाहणाऱ्या प्रत्येकाला कार्बन घ्यावाच लागतो. सगळ्यांनी घेतला की सगळे पुन्हा समान पातळीवर येतात. कुणाचाच क्रम बदलत नाही, फक्त प्रत्येकाचा खिसा हलका होतो आणि ज्यांना झेपत नाही ते खेळ सोडतात. शर्यतीच्या होडीची किंमत कारखान्यात ठरते असं वाटतं. माझ्या मते ती आधी वर्गाच्या नियमपुस्तिकेत ठरते.

ही नियमपुस्तिका लिहिण्याच्या तीन वेगळ्या रीती या होड्यांत पाहायला मिळतात. हॉबी १६ ची रीत सर्वांत कडक. एकच नमुना, एकच बनावट, शिडंही ठरलेलीच. दोघांच्या वजनालाही किमान मर्यादा आहे, सुमारे १२९ किलो. त्याहून हलक्या जोडीला शिसं बाळगावं लागतं. जागतिक स्पर्धेत आयोजक नव्या कोऱ्या, एकसारख्या होड्या पुरवतात आणि स्पर्धक आळीपाळीने त्यांवर बसतात. स्पर्धकाने आणायचं ते स्वतःचं कसब आणि कमरेचा ट्रॅपीझ-पट्टा. इतकी स्वस्त आणि इतकी न्याय्य जागतिक स्पर्धा होड्यांच्या खेळात विरळा.

फॉर्म्युला १८ ची रीत चौकटीची. १९९० च्या दशकात फ्रान्समध्ये आकाराला आलेल्या या वर्गाने लांबी ५.५२ मीटर, रुंदी २.६० मीटर, वजन १८० किलो आणि शिडांची मापं बांधून दिली. हल आणि डोलकाठी कार्बनची चालत नाहीत. डोलकाठी ॲल्युमिनियमची. या चौकटीत कुणीही कारखानदार आपला आराखडा आणू शकतो. हॉबी टायगर, नाक्रा इन्फ्युजन, सिरस, गुडॉल सी२ अशा वेगवेगळ्या होड्या त्यामुळे एकाच रेषेवरून सुटतात. १८० किलो ही मर्यादा मुद्दाम अशी जड ठेवलेली आहे की साध्या काचतंतूची मजबूत होडी तिच्यात आरामात बसते. कार्बनवर पैसे ओतायचं कारणच उरत नाही. हलक्या जोडीला लहान जिब आणि लहान स्पिनेकर, जड जोडीला मोठा, अशी सोयही आहे, म्हणून वेगवेगळ्या अंगकाठीची माणसं एकत्र खेळू शकतात. मला हा वर्ग सर्वांत शहाणा वाटतो.

तिसरी रीत ए-क्लासची. लांबी ५.४९ मीटर, रुंदी २.३० मीटर, शीड १३.९४ चौरस मीटर, वजन किमान ७५ किलो, बाकी जवळजवळ सगळं मोकळं. त्या मोकळेपणातून अफाट सुंदर होड्या जन्माला आल्या. माणसासकट दीडशे किलोंची होडी आणि किलोमागे शीड हॉबीपेक्षा तीस टक्के जास्त. जिब नाही, स्पिनेकर नाही, जोडीदारही नाही, तरी ती स्पिनेकरवाल्या दोनमाणशी होडीच्या जवळपास राहते. पण प्रत्येक नव्या कल्पनेबरोबर कालची होडी जुनी पडते. २०१३ च्या अमेरिका चषकात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत ७२ फुटी कॅटामरान फॉइलवर पाण्याबाहेर उचलून धावल्या आणि ते वारं लगेच ए-क्लासमध्ये शिरलं. पुढे या वर्गाला उडणाऱ्या आणि न उडणाऱ्या होड्यांचे दोन वेगळे विभाग करावे लागले. न उडणाऱ्यांचा विभाग ठेवला हे चांगलं झालं. नाही तर जुन्या, धडधाकट होड्या वखारीत पडून राहिल्या असत्या.

फॉइल म्हणजे पाण्याखालचे पंख. त्यांची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की उचल चौपट. म्हणून एका मर्यादेपर्यंत ते पंख नुसते ओझं असतात, आणि ती मर्यादा ओलांडली की होडी पाणी सोडून वर येते. हलचं घर्षण जवळजवळ संपतं आणि वेग एकदम उसळी घेतो. वारा चांगला असेल तर विसाहून अधिक नॉट. मंद वाऱ्यात मात्र या पंखांचा फायदा मिळत नाही, आणि किंमत तर आधीच मोजलेली असते. धार असलेल्या पात्यांवर त्या वेगात पडणं धोक्याचं असतं, म्हणून शिरस्त्राण, संरक्षक जाकीट आणि सोबतीला बचाव होडी हाही खर्चाचाच भाग धरावा लागतो.

ऑलिंपिकच्या होडीचं काय झालं ते या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. टॉर्नेडो सुरुवातीला पातळ प्लायवूड वाकवून घरीही बनवता येत असे. पुढे ती काचतंतूची झाली. २००० च्या सिडनीनंतर तिला स्पिनेकर आणि दुसरा ट्रॅपीझ मिळाला. वेग वाढला, खर्चही वाढला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये एकही कॅटामरान नव्हती. त्याच वर्षी स्पेनमधल्या सांतांदेरच्या चाचण्यांनंतर नाक्रा १७ ची निवड झाली. एक पुरुष, एक स्त्री, अशी मिश्र जोडी. २०१६ मध्ये रिओत अर्जेंटिनाच्या सांतियागो लांगे आणि सेसिलिया कारांसा यांनी तिच्यावर सुवर्णपदक मिळवलं. लांगे तेव्हा ५४ वर्षांचे होते आणि आदल्या वर्षी कर्करोगामुळे त्यांच्या फुप्फुसाचा भाग काढावा लागला होता. रिओनंतर हीच होडी पूर्णपणे उडेल अशी बदलण्यात आली. ज्यांच्याकडे जुनी होती त्यांना ती बदलून घेणं किंवा नवी घेणं भाग पडलं. टोकियो आणि पॅरिस, दोन्ही वेळा इटलीचे रुज्जेरो तीता आणि कातेरिना बांती जिंकले. होडी विलक्षण आहे यात शंका नाही. पण तिची मोहीम चालवणं आता राष्ट्रीय संघटनेचा किंवा मोठ्या प्रायोजकाचा आधार असलेल्यांनाच झेपतं.

किमतीच्या पाटीवर न दिसणारे खर्चही आहेत. शीड हा त्यातला मोठा. हॉबीचं डेक्रॉनचं शीड हौशी वापरात कित्येक वर्षं टिकतं. पातळ थरांच्या लॅमिनेट कापडाचं शर्यती शीड फाटत नाही, पण त्याचा घाट बिघडतो, आणि अव्वल स्पर्धक ते एक-दोन हंगामांत बदलतात. रुंदीचा खर्च तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. अमेरिकेत रस्त्यावरून विनापरवाना नेता येणाऱ्या गाडीची कमाल रुंदी साडेआठ फूट, म्हणजे २.५९ मीटर. नाक्रा १७ ची रुंदी बरोबर तेवढी, फॉर्म्युला १८ ची त्याहून केवळ एक सेंटिमीटर जास्त. ३.०५ मीटर रुंदीची टॉर्नेडो ट्रेलरवर तिरकी करून किंवा सुटी करूनच न्यावी लागते. भारतात होडी मागवणाऱ्याने आणखी एक माप ध्यानात ठेवावं. मालवाहू कंटेनरची आतली रुंदी सुमारे २.३५ मीटर असते. २.३० मीटरची ए-क्लास त्यात जोडलेल्या अवस्थेत सपाट बसते, हॉबी १६ सुटी करावी लागते. वाहतूक, सीमाशुल्क आणि सुटे भाग यांची बेरीज आपल्याकडे होडीच्या मूळ किमतीचं गणित बदलून टाकते, म्हणून साधे आणि सहज मिळणारे भाग असलेली होडी इथे दुप्पट मोलाची.

सुरक्षिततेची एक गोष्ट इथेच सांगतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या हॉबीच्या ॲल्युमिनियम डोलकाठीचं टोक वीज न वाहणाऱ्या साहित्याचं केलं गेलं, कारण उभी डोलकाठी ओढत नेताना ती डोक्यावरच्या तारांना लागून माणसं दगावत. आपल्या किनाऱ्यांवरही वाळूपर्यंत आलेल्या विजेच्या तारा पुष्कळ आहेत. डोलकाठी उभी करण्याआधी वर पाहा.

कुठली घ्यावी? नवशिक्या जोडीने जुनी हॉबी १६ घ्यावी. अमेरिकेत ती दोन-तीन हजार डॉलरमध्येही मिळते. हलवर पाय दाबून मऊ झालेली जागा नाही ना, एवढं नीट तपासून घ्यावं. तारेवर लटकणं, हल उचलून तोल धरणं, नाळ पाण्यात घुसू लागली की मागे सरकणं, हे सगळं ती शिकवते. जी जोडी या टप्प्याच्या पुढे गेली आहे तिने पाच-दहा वर्षं वापरलेली फॉर्म्युला १८ बघावी. नियमांची चौकट पक्की असल्यामुळे तिथे जुनी होडी लवकर निरुपयोगी होत नाही, आणि वाचलेले पैसे नव्या शिडांवर व सरावावर घालता येतात. ए-क्लास एकट्याने जाणाऱ्या अनुभवी माणसाची. नाक्रा १७ फक्त ऑलिंपिकचं ध्येय ठेवणाऱ्यांची.

एखाद्या क्लबाकडे एका नव्या, उडणाऱ्या कॅटामरानपुरते पैसे असतील, तर युरोप-अमेरिकेतल्या भावाने त्यात दोन नव्या किंवा आठ-दहा जुन्या हॉबी १६ येतात. क्लबांनी त्याच घ्याव्यात, सगळ्या एकाच नमुन्याच्या घ्याव्यात, आणि पहिल्या महिन्यापासून दर रविवारी त्यांची आपापसात शर्यत लावावी.